विद्यापीठाची उद्दिष्टे लिहिताना: आधी मोजणी, मग वाक्य

अध्यापन, आजीवन शिक्षण आणि विद्यार्थी स्वास्थ्य या तीन विषयांची पाच वर्षांची उद्दिष्टे ठरवायला समिती बसते आणि पहिल्याच बैठकीत मसुदा फळ्यावर येतो. ‘चालना’ लिहायचे की ‘प्रोत्साहन’, यावर तासभर जातो. मसुदा मंजूर होतो. मग कुणीतरी विचारते, हे मोजायचे कसे आणि करायचे कुणी? तेव्हा हाताशी असतील ते आकडे निर्देशक म्हणून चिकटवले जातात. तीन वर्षांनी अहवालात कार्यशाळांची संख्या भरगच्च दिसते आणि पहिल्या वर्षात गळणारे विद्यार्थी पूर्वीइतकेच गळत असतात.

ही चूक क्रमाची आहे. आधी मोजणी, मग विद्यार्थ्याचा आठवडा, मग उद्दिष्ट आणि भाषेवरचा हात सगळ्यात शेवटी, या क्रमाने गेलात तर निम्मे वाद आपोआप मिटतात. पूर्ण कामाला सहा महिने धरा. त्यातले पहिले दोन मोजणीलाच जातात. ते वाचवायचा मोह होतो, पण ते वाचवू नका.

## पूर्वतयारी: माणसे आणि कागद

कामाचा गट ८ ते १० जणांचा ठेवा. त्यात केवळ विभागप्रमुख नकोत. वेळापत्रक लावणारी व्यक्ती, परीक्षा विभागातला निकालपत्रके हाताळणारा अधिकारी, ग्रंथालय, समुपदेशन केंद्र, लेखा विभाग यांचे प्रत्येकी एक जण हवेत. विद्यार्थी निदान दोन हवेत: एक पूर्णवेळ आणि एक नोकरी सांभाळून शिकणारा. दुसऱ्याला दुपारी तीनच्या बैठकीला येता येणार नाही. त्याच्यासाठी वेळ बदलावी लागेल, आणि आजीवन शिक्षणाची पहिली अडचण तिथेच सगळ्यांना दिसेल.

पहिल्या बैठकीआधी हे जमवा: मागच्या ३ वर्षांचे अभ्यासक्रमवार निकाल, प्रवेश आणि गळतीच्या नोंदी, अंतर्गत मूल्यमापनाच्या तारखा, समुपदेशनाची प्रतीक्षा यादी (नावांशिवाय), अल्पकालीन अभ्यासक्रमांची चौकशी आणि प्रत्यक्ष प्रवेश यांचे आकडे, आणि शिक्षकांच्या कार्यभाराचे तक्ते.

## टप्पा १: आजचा आकडा पक्का करा

उद्दिष्ट म्हणजे ‘इथून तिथे’. ‘इथून’ माहीत नसेल तर ‘तिथे’ म्हणजे निव्वळ इच्छा.

आकडे गोळा करण्यापूर्वी प्रत्येकाची व्याख्या एका वाक्यात लिहा. पहिल्या वर्षाच्या गळतीचेच पाहा. प्रवेश घेतलेले सगळे मोजायचे, की चौथ्या आठवड्यात हजेरीपटावर असलेले? पहिल्या पद्धतीत प्रवेश रद्द करून दुसरीकडे गेलेलेही गळतीत येतात, दुसऱ्या पद्धतीत ते सुटतात. दोन्ही पद्धती चालतील, पण पाच वर्षे तीच ठेवावी लागेल. मधेच व्याख्या बदलली की सुधारणा झाल्याचा भास होतो आणि तो भास खोडून काढायला कुणालाच उत्साह नसतो.

सरासरीवर थांबू नका. समुपदेशनासाठी सरासरी ८ दिवस थांबावे लागते, हा आकडा बरा दिसतो. पण त्याच यादीत शेवटचे दहा टक्के विद्यार्थी ३० दिवस थांबलेले असू शकतात. मध्यक (म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीतला बरोबर मधला आकडा) आणि सगळ्यात जास्त थांबलेल्या दहा टक्क्यांचा आकडा, दोन्ही लिहा. निकालांचेही तसेच. विद्यापीठाचा एकूण निकाल फार काही सांगत नाही. सर्वाधिक विद्यार्थी असलेले पहिले २० विषय काढा आणि प्रत्येकात नापास होणाऱ्यांचे प्रमाण पाहा. बहुतेक वेळा नापासांचा मोठा वाटा पहिल्या वर्षाच्या मोजक्या विषयांत साठलेला सापडतो. अध्यापनाचे उद्दिष्ट तिथूनच उचलायचे असते.

तपासा: तोच आकडा दोन वेगळ्या माणसांनी एकाच व्याख्येवरून स्वतंत्रपणे काढला तर सारखा येतो का? येत नसेल तर व्याख्या अपुरी आहे.

## टप्पा २: विद्यार्थ्याचा आठवडा मांडा

हा टप्पा बहुतेक आराखड्यांत नसतोच. तिन्ही उद्दिष्टे मात्र याच जागी एकमेकांना भिडतात.

विद्यार्थ्याकडे आठवड्याला किती तास आहेत, याचा हिशेब क्रेडिटमध्ये, म्हणजे अभ्यासाचे काम मोजण्याच्या एककात, आधीच दडलेला असतो. युरोपीय क्रेडिट पद्धतीत १ क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम; त्यात तास, वाचन, गृहकार्य, परीक्षेची तयारी सगळे आले. वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे १५०० ते १८०० तास. तुमच्याकडे क्रेडिटची व्याख्या वेगळी असेल तर तीच घ्या, पण हिशेब तासांत करा.

आता एक मोठा कागद घ्या. आडव्या ओळीत सत्राचे आठवडे, उभ्या रकान्यात एका वर्गाचे सगळे विषय. प्रत्येक चौकटीत त्या आठवड्यात काय सादर करायचे आहे आणि त्याला अंदाजे किती तास लागतात, ते लिहा.

उदाहरणादाखल पाच विषयांचा एक वर्ग घेऊ. प्रत्येक शिक्षकाने एक मध्यसत्र चाचणी आणि दोन असाइनमेंट ठेवल्या आहेत. एकेका विषयात हे अगदी माफक आहे. कागदावर उतरवले की दिसते: दुसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या चौकटी कोऱ्या, सातव्या आठवड्यात तीन चाचण्या आणि एक सबमिशन, आणि तेराव्या आठवड्यात पाचही विषयांचे दुसरे सबमिशन. एका सबमिशनला १२ तास धरले तर त्या एका आठवड्यात ६० तास, तेही नेहमीचे वर्ग चालू असताना. नोकरी करणारा विद्यार्थी इथे गळतो. जो गळत नाही तो जागरणे करतो, कुणाचे तरी उतरवून काढतो, किंवा आजारपणाचा दाखला आणतो. पाचांपैकी एकाही शिक्षकाची यात चूक नाही. पाचही जणांनी एकमेकांचे वेळापत्रक पाहिलेले नसते, इतकेच.

दुरुस्ती स्वस्त आहे:

१. सत्र सुरू होण्यापूर्वी तीन आठवडे हा तक्ता भरून घ्या.
२. एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त गुणांकित कामे नकोत, असा नियम ठेवा.
३. पहिले छोटे, कमी गुणांचे काम चौथ्या आठवड्याच्या आत ठेवा. कोण मागे पडतोय ते तेव्हाच कळते, तेराव्या आठवड्यात कळून उपयोग नसतो.
४. तारखा हलवण्याचा अधिकार एका व्यक्तीला द्या. ‘आपसांत ठरवा’ म्हटले की कुणीच ठरवत नाही.

सावधान: तक्ता भरताना शिक्षक तास कमी सांगतात. जाणूनबुजून नाही, त्यांना ते काम सोपे वाटते म्हणून. मागच्या वर्षीच्या १० विद्यार्थ्यांना विचारून आकडा जुळवून घ्या.

## टप्पा ३: उद्दिष्टाचे वाक्य

प्रत्येक वाक्यात पाच गोष्टी हव्यात: कुणासाठी, काय बदलणार, किती पासून किती पर्यंत, कधीपर्यंत, आणि जबाबदार पद कोणते. पद लिहा, समिती लिहू नका.

‘अध्यापनात नावीन्यपूर्ण पद्धतींचा अवलंब करणे’ हे उद्दिष्ट होत नाही; पाच वर्षांनी ते साध्य झाले की नाही, यावर दोघांचे एकमत होणार नाही. ‘पहिल्या वर्षाच्या सर्वाधिक विद्यार्थीसंख्येच्या २० विषयांत नापासांचे प्रमाण ३१ टक्क्यांवरून चौथ्या वर्षाअखेर २० टक्क्यांवर आणणे, परीक्षेची काठिण्यपातळी बाह्य परीक्षकाने तपासलेली असताना, जबाबदार: अधिष्ठाता’ हे उद्दिष्ट आहे. आकडे इथे नमुन्याचे आहेत, तुमचे टप्पा १ मधून येतील.

तिन्ही क्षेत्रे मिळून ७ उद्दिष्टांच्या वर जाऊ नका. पंचवीस उद्दिष्टांच्या आराखड्यात प्रत्येक विभाग आपल्या सोयीची चार शोधतो आणि उरलेली कुणाचीच राहत नाहीत.

## टप्पा ४: अध्यापनाची उद्दिष्टे

जॉन बिग्ज यांनी मांडलेले सुसंगत रचनेचे तत्त्व इथे कामाचे आहे: विद्यार्थ्याला शेवटी काय करता यायला हवे, त्याची तपासणी कशी होणार आणि वर्गात तो काय करणार, या तिन्ही गोष्टी एका रेषेत हव्यात. प्रत्येक विषयाला ४ ते ६ अध्ययन निष्पत्ती, म्हणजे विद्यार्थ्याला शेवटी काय करता येईल याची वाक्ये, लिहा आणि त्यांच्यासमोर प्रश्नपत्रिका ठेवा. ‘विश्लेषण करता येईल’ असे लिहिलेल्या निष्पत्तीसमोर ‘टिपा लिहा’ हा प्रश्न दिसला की रेषा तुटली. अशा वेळी प्रश्नपत्रिका बदला. वाक्य बदलून जुळवून घेणे हा सोपा आणि चुकीचा उपाय आहे.

वर्गातल्या पद्धतीबद्दल पुरावा भक्कम आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरील २२५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होते, तर विद्यार्थ्यांना वर्गातच प्रश्न सोडवायला, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत २१.८ टक्के. म्हणून उद्दिष्ट ‘किती शिक्षकांनी प्रशिक्षण घेतले’ यावर ठेवू नका. किती विषयांच्या तासाच्या आखणीत असे काम खरोखर आले, ते मोजा. त्यासाठी सत्रात दोनदा सहकारी शिक्षकाने वर्गात बसून अर्ध्या पानाची नोंद करावी. ही नोंद बढतीच्या फाइलला जोडू नका. जोडली की शिक्षक त्या दिवसापुरता खास तास घेतात.

दुसरे उद्दिष्ट तपासणीचे. सादर केलेले काम अभिप्रायासह किती कामकाजाच्या दिवसांत परत मिळते? १५ दिवस ही मर्यादा वाजवी आहे. पण अट अशी हवी की अभिप्राय पुढच्या कामाच्या आधी पोहोचला पाहिजे. पुढचे काम दिल्यानंतर आलेला अभिप्राय कुणी वाचत नाही.

सावधान: विद्यार्थ्यांचे गुणांकन, म्हणजे ‘शिक्षकाला ५ पैकी किती’, हा एकमेव निर्देशक ठेवू नका. त्यात विषयाची अवघडता, वर्गाचा आकार, मिळालेले गुण हे सगळे मिसळलेले असते. प्रश्न नेमके विचारा: ‘काम कसे तपासले जाईल हे आधी समजले होते का?’ याचे उत्तर विद्यार्थी खात्रीने देऊ शकतो.

## टप्पा ५: आजीवन शिक्षण

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे अल्पकालीन अभ्यासक्रमांची संख्या हेच उद्दिष्ट ठरवणे. पन्नास अभ्यासक्रम जाहीर होतात, त्यांतले बारा भरतात.

त्याऐवजी एका शिकणाऱ्या स्त्रीचा रस्ता चालून पाहा. वय ४२, पूर्णवेळ नोकरी, पदवी घेऊन वीस वर्षे झालेली. तिने चौकशी केल्यापासून प्रमाणपत्र हातात पडेपर्यंतची प्रत्येक पायरी आणि लागलेले दिवस लिहा. अर्जात ‘सध्याचा नोंदणी क्रमांक’ हा रकाना सक्तीचा आहे का? बाहेरच्या माणसाकडे तो नसतोच, आणि तिचा अर्ज तिथेच अडकतो. शुल्क एकरकमीच भरावे लागते का? मदतकक्ष तिच्या कामाच्या वेळेतच उघडा असतो का? ग्रंथालयाचे ऑनलाइन खाते अभ्यासक्रम सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मिळते का? ही अडथळ्यांची यादी दूर करणे हेच पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट ठेवा. नवे अभ्यासक्रम दुसऱ्या वर्षी.

मग प्रमाणपत्राचा मजकूर. सूक्ष्म प्रमाणपत्रांबाबत (म्हणजे छोट्या अभ्यासक्रमांच्या प्रमाणपत्रांबाबत) युरोपीय संघाच्या परिषदेने २०२२ मध्ये केलेल्या शिफारशीतली घटकांची यादी कुठेही वापरण्यासारखी आहे: शिकणाऱ्याची ओळख, प्रमाणपत्राचे नाव, देश, देणारी संस्था, दिनांक, अध्ययन निष्पत्ती, लागणारे तास किंवा क्रेडिट, पातळी, मूल्यमापनाचा प्रकार, सहभागाचा प्रकार आणि गुणवत्ता तपासणीचा प्रकार. यांतली पातळी आणि क्रेडिट नसतील तर नोकरी देणाऱ्याला किंवा दुसऱ्या विद्यापीठाला त्या कागदाचे काय करायचे ते कळत नाही.

पहिला अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी दोन प्रश्नांची लेखी उत्तरे हवीत. अशी किती प्रमाणपत्रे जोडली की मोठी पदविका होते? आणि जुने क्रेडिट किती वर्षे चालते? हे नंतर ठरवले तर आधीच्या तुकडीवर अन्याय होतो.

पूर्वानुभवाला क्रेडिट द्यायचे असेल तर पुरावा कोणता, तो कोण तपासणार, निर्णय किती दिवसांत आणि नाकारल्यास दाद कुठे मागायची, ही चार उत्तरे एका पानावर मावली पाहिजेत. निर्णयाला ३० दिवसांपेक्षा जास्त लागत असतील तर सत्र सुरू होऊन जाते आणि क्रेडिट मिळूनही तो विषय पुन्हा शिकावा लागतो.

तपासा: संध्याकाळचे आणि ऑनलाइन तास शिक्षकाच्या कार्यभारात धरले आहेत का? नसतील तर दोन वर्षे उत्साहावर चालेल, तिसऱ्या वर्षी चांगले शिक्षक हळूच बाजूला होतील.

## टप्पा ६: विद्यार्थी स्वास्थ्य

स्वास्थ्य म्हणजे समुपदेशन केंद्र, एवढेच गृहीत धरले की आराखडा बिघडतो. थर तीन आहेत आणि तिन्हींत एकेक तरी कृती हवी.

पहिला थर सगळ्यांसाठी: वेळापत्रक, मूल्यमापनाच्या तारखा, झोप, बसायच्या जागा, एकटेपणा. टप्पा २ चा तक्ता हे इथले सर्वांत परिणामकारक काम आहे. आरोग्यवर्धक विद्यापीठांसाठीच्या २०१५ च्या ओकानागन सनदेचाही रोख हाच आहे की स्वास्थ्य संस्थेच्या रोजच्या कामकाजात मुरवायचे असते.

दुसरा थर मागे पडणाऱ्यांसाठी. पहिले काम सादर न करणे आणि सलग दोन आठवडे गैरहजर राहणे, या दोन खुणा पुरेशा आहेत. खूण दिसल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत ओळखीच्या शिक्षकाचा किंवा मार्गदर्शकाचा फोन जायला हवा. पहिले वाक्य ‘हजेरी कमी आहे’ असे नको. ‘दोन आठवडे दिसला नाहीस, सगळं ठीक आहे ना?’ असे विचारले की मूल बोलते. संगणकाने आपोआप पाठवलेला इशारा मात्र धमकीसारखा वाचला जातो.

तिसरा थर संकटातल्यांसाठी. इथे क्षमतेचे गणित करा. एका समुपदेशकाला आठवड्याला २० सत्रे धरली आणि वर्षात ३० आठवडे, तर ६०० सत्रे होतात. प्रत्येक विद्यार्थ्याला सरासरी ५ सत्रे लागली तर वर्षाला १२० विद्यार्थी. समुपदेशन सेवांना मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक सुचवते. दहा हजार विद्यार्थ्यांना दोन समुपदेशक असताना ‘सर्वांना वेळेत मदत’ असे लिहू नका.

मोजणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य प्रश्नावली सोपी आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधाने, प्रत्येकी ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणले की १०० पैकी गुण येतात. ५० किंवा त्याखालचे गुण म्हणजे अधिक विचारपूस हवी. दरवर्षी त्याच आठवड्यात घ्या. एकदा सत्रारंभी आणि एकदा परीक्षेत घेऊन केलेली तुलना निरर्थक ठरते.

सावधान १: निनावी सर्वेक्षणात आत्महत्येच्या विचारांचा प्रश्न घालू नका. नैराश्याच्या प्रसिद्ध नऊ प्रश्नांच्या चाचणीतला नववा प्रश्न तोच आहे. कुणी ‘होय’ लिहिले आणि तो कोण हे तुम्हाला कळत नसेल, तर तुम्ही विचारून हात वर केलेत. असा प्रश्न त्याच दिवशी प्रतिसाद देऊ शकणाऱ्या प्रशिक्षित माणसानेच विचारावा.

सावधान २: १० पेक्षा कमी विद्यार्थ्यांच्या गटाचे आकडे जाहीर करू नका. छोट्या विभागात कोण ते लगेच ओळखू येते.

सावधान ३: ‘समुपदेशनाला येणाऱ्यांची संख्या घटवणे’ हे उद्दिष्ट कधीही लिहू नका. पहिली दोन वर्षे संख्या वाढणे हे बहुधा विश्वास वाढल्याचे लक्षण असते. प्रतीक्षेचे दिवस घटवा.

## टप्पा ७: टक्कर तपासा

सातही उद्दिष्टे एका तक्त्यात आडवी-उभी मांडा आणि प्रत्येक जोडीला विचारा: हे गाठताना ते बिघडेल का? नापासांचे प्रमाण घटवण्याचा दबाव आला की प्रश्नपत्रिका सोप्या होऊ लागतात, म्हणून त्याच्या जोडीला बाह्य तपासणीचा निर्देशक बांधा. १५ दिवसांत तपासणी आणि संध्याकाळचे नवे वर्ग एकाच शिक्षकावर पडत असतील तर दोन्ही कोलमडतील.

त्यानंतर प्रत्येक उद्दिष्टासमोर तीन रकाने भरा: पैसे, माणसांचे तास, आणि काय बंद करणार. तिसरा रकाना कोरा ठेवायला परवानगी देऊ नका. वर्षाला चार अहवाल मागवले जात असतील तर दोन बंद करा, कुणी न वाचणारे फॉर्म बंद करा. शिक्षकाच्या दिवसात मोकळे तास कुठून तरी यावेच लागतात.

## टप्पा ८: मंजुरी आणि आढावा

मसुदा आधी विभागांकडे, मग विद्यार्थ्यांकडे, मग लेखा विभागाकडे आणि शेवटी विद्या परिषदेकडे न्या. लेखा विभाग शेवटी ठेवला तर मंजूर झालेल्या उद्दिष्टाला निधी नाही, हे वर्षभराने कळते. भाषेची सफाई याच वेळी करा, आकडे आणि पदे न हलवता.

आढावा दर तीन महिन्यांनी, ९० मिनिटे, प्रत्येक उद्दिष्टाला एक पान. हिरवा, पिवळा, लाल असे रंग वापरणार असाल तर किती मागे म्हणजे लाल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा; नाहीतर सगळे काही पिवळे राहते. लाल दिसल्यावर विचारायचा प्रश्न एकच: काय आड येते आहे आणि ते हटवायचा अधिकार कुणाकडे आहे? ती व्यक्ती बैठकीत नसेल तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता आठवड्याभरात तिच्याकडे जा.

उद्दिष्टाचा आकडा बदलायचा असेल तर वर्षातून एकदाच, कारण लिहून, जुना आकडा शेजारी ठेवून बदला. आणि टप्पा १ मधल्या व्याख्यांची वही एका पदाच्या ताब्यात द्या, व्यक्तीच्या नको. माणूस बदलला की त्याच्या संगणकातली फाइल जाते आणि तिसऱ्या वर्षी गळती नेमकी कशी मोजली होती, हे सांगायला कुणी उरत नाही.